भिंतीपलीकडे झोपलेला विनोद

दिवाळी अंकासाठी रंगकामावर लिहा असा निरोप आला, तेव्हा मी विचारलं, रंगावर लिहू की भिंतीवर? रंग लावणं हे आमच्या कामातलं सगळ्यात थोडं आणि सगळ्यात सोपं. लोक बघतात तेवढंच. त्याआधी खरडणं, धुणं, भरणं, घासणं चालतं ते कुणी बघायला थांबत नाही, आणि माझं निम्मं आयुष्य त्यातच गेलं आहे.

मी विजया. माहेर दौंडचं, रेल्वेच्या क्वार्टरमधलं. लग्न होऊन शिरूरला आले. आमचे हे, सुधाकर, रंगारी. मूल शाळेत जायला लागल्यावर मी त्यांच्याबरोबर कामावर जाऊ लागले, पहिल्यांदा नुसते डबे धुवायला आणि फरशी पुसायला. मग पॉलिश पेपर हातात आला, मग लेप ओढायची, खरडायची पत्र्याची पट्टी. आता पुट्टी, म्हणजे भिंत सपाट करणारा लेप, मीच भरते, आणि हे स्वतः सांगतात की हिचा हात माझ्याहून सपाट आहे. आमच्या चर्चमधल्या बायका आधी हसायच्या. आता त्यांच्या घरांनाही मीच जाते.

मधल्या काळात वॉलपेपरचं वेड आलं होतं. शिरूरला, दौंडला, कारेगावच्या नव्या बिल्डिंगांमध्ये, जो तो भिंतीला विटांचा नाहीतर फुलांचा कागद चिकटवून घेत होता. काही वर्षांत तो कोपऱ्यातून सुटायला लागला, काळा पडायला लागला, आणि मग आम्हाला बोलावणी येऊ लागली. एका डॉक्टरांनी दवाखान्यात कागदावरूनच रंग मारून घेतला होता. आम्ही नको म्हणत होतो. पावसाळ्यात सगळ्या भिंतीला फोड आले आणि पेशंट बसल्या बसल्या नखानं ते फोडायला लागले. दौंडच्या एका मावशींनी कागदावरचं एक पाखरू कापून ठेवायला लावलं. त्यांना ते आवडायचं, बाकीची भिंत नको झाली होती. ते पाखरू आख्खं काढायला मला सगळ्या खोलीइतका वेळ लागला.

सिमेंटच्या भिंतीवरचा कागद काढणं कष्टाचं, पण सरळ काम आहे. जिप्सम बोर्डाच्या पार्टिशनचं तसं नसतं. जिप्सम बोर्ड म्हणजे खडूसारखा गाभा आणि दोन्ही अंगांना जाड कागद. मध्ये पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा असतो, त्याला चॅनेल म्हणतात, आणि बोर्ड त्यावर स्क्रूने बसवतात. स्क्रूची डोकी पुट्टीखाली झाकून टाकतात. आता प्रायमर न मारता कुणी या बोर्डावर थेट वॉलपेपर चिकटवला असेल, तर तो ओढताना बोर्डाचा स्वतःचा कागदही सालीसारखा निघून येतो. म्हणून वरचा प्लॅस्टिकचा थर आधी कोरडाच सोलायचा, मग खालच्या कागदाला कोमट पाणी स्पंजानं लावायचं, थांबायचं, आणि रुंद पट्टी आडवी धरून अलगद सारायची. पाणी कमी पडलं तर कागद हलत नाही, जास्त झालं तर बोर्ड फुगतो. त्यामुळं बोर्डाच्या भिंतीला पाणी लावताना मला नेहमीच जरा धडधडतं. पण ती धडधड बोर्डाची. माणसाच्या जिवाची धडधड मी एकदाच अनुभवली, कारेगावला.

काम आप्पांच्या बिल्डिंगमधलं होतं. आप्पा गावातले मोठे शेतकरी. कंपन्या आल्या तशी त्यांनी रस्त्याकडेला खोल्या बांधल्या आणि कामगारांना भाड्यानं दिल्या. वरच्या मजल्यावर एक मोठा हॉल होता, त्याच्या मध्ये जिप्समचं पार्टिशन घालून दोन खोल्या केल्या होत्या. एका खोलीत लग्नाआधी त्यांचा मुलगा राहायचा. त्यानं पार्टिशनला विटांचा वॉलपेपर लावला होता आणि मोठा टीव्ही टांगला होता. तो पुण्याला गेला, टीव्हीही नेला, आणि आता आप्पांना ती खोली भाड्यानं द्यायची होती.

पार्टिशनच्या पलीकडे विनोद राहायचा. बिहारचा पोरगा, एका कारखान्यात प्रेस मशीनवर. त्याची रात्रपाळी चालू होती. आम्ही सकाळी सामान लावत होतो तेव्हा तो डोळे चोळत जिना चढून आला.

"भाभी, आवाज जास्ती होगा क्या?" त्यानं विचारलं.

"खरडायचा आवाज येईल रे. हळू करतो आम्ही."

"कोई बात नहीं. हम कान में रुई डाल लेते हैं." तो हसला आणि आपलं दार उघडून आत गेला. दारातून खोली दिसली. एक लोखंडी कॉट, तिचं डोकं पार्टिशनला टेकवलेलं, एक पंखा, दोरीवर कपडे.

पहिला दिवस टीव्हीच्या जागी स्क्रूवर अडकवलेला आरसा उतरवण्यात आणि वरचा थर सोलण्यात गेला. दुसऱ्या दिवशी पाणी लावायला घेतलं. पाणी लावण्याआधी हे खोलीतला मेन स्विच पाडतात, तो त्यांनी पाडला. दिवे गेले, पंखा थांबला, स्विचबोर्डावरचं बटण दाबून बघितलं. सगळं रीतसर केलं. खालच्या फटीतून पाणी पलीकडे जाऊ नये म्हणून मी भिंतीच्या तळाला बारदान लावलं. तरी संध्याकाळी पाळीला निघताना विनोद म्हणाला, "भाभी, पानी उधर आ गया था. थोडा देख लेना." मी ओशाळले आणि उद्या बारदान दुप्पट लावते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुपारची गोष्ट. टीव्ही टांगला होता त्या भागातला कागद फार घट्ट होता. मी त्याला दुसऱ्यांदा पाणी लावून मागं सरले. हे अनवाणी उभं राहून पट्टी सारत होते. एकदम पट्टी खाडकन फरशीवर पडली आणि हे मागं फेकले जाऊन चढून काम करायच्या लाकडी घोडीवर आदळले. मला वाटलं, पाय घसरला.

"लागलं का?"

ते उजवा हात छातीशी धरून बसले होते आणि बोटं आपोआप हलत होती. चेहरा राखेसारखा झाला होता.

"करंट हाय," ते म्हणाले. "भित्तीत करंट हाय."

"स्विच तर पाडलाय आपण."

"पाडलाय. तरी बी हाय."

मी पिशवीतला टेस्टर काढला. पायात रबरी चप्पल घातली, हात परकराला कोरडे केले. पट्टीनं पुट्टी उडून एका स्क्रूचं डोकं उघडं पडलं होतं, त्याला टेस्टर लावला. आतला दिवा लाल झाला. दुसऱ्या स्क्रूला लावला, तोही लाल. पार लांब, दाराजवळच्या स्क्रूला लावला. तिथंही तेच. म्हणजे एक तार कुठंतरी स्क्रूनं फोडली गेली होती आणि आतला पत्र्याचा सगळा सांगाडा चालू झाला होता. आणि ती तार आमच्या खोलीची नव्हती, कारण आमची खोली बंद होती.

मी यांच्याकडं बघितलं, यांनी माझ्याकडं. दोघांच्या मनात एकच आलं. कॉट.

हे धडपडत उठले आणि बाहेर जाऊन विनोदच्या दारावर थापा मारू लागले. दार आतून लावलेलं. पॅसेजकडं एक खिडकी होती, पडदा पुरता ओढलेला नव्हता. मी फटीतून आत बघितलं आणि तसाच यांचा हात धरला.

"थांबा. वाजवू नका."

"का?"

"आत बघा."

आत विनोद कुशीवर झोपला होता. एक हात डोक्यामागं, कॉटच्या पाइपला विळखा घातल्यासारखा. एक पाय कॉटबाहेर आलेला, फरशीपासून वर, अधांतरी. आणि खाली फरशी चकाकत होती. बारदान दुप्पट लावूनही आमचं पाणी पलीकडं गेलं होतं. कॉटच्या पायांना रबराच्या टोप्या होत्या म्हणून तो अजून निभावला असावा, असं मला वाटलं. पण दचकून जागा झाला असता तर पहिल्यांदा काय केलं असतं? पाय खाली टाकला असता, ओल्या फरशीवर, आणि उठायला आधार म्हणून पाइप घट्ट धरला असता.

"जिवंत हाय न्हवं तो?" हे हळूच म्हणाले.

मी त्याची छाती हलतेय का बघत होते, पण पंख्याच्या वाऱ्यानं चादरच एवढी फडफडत होती की काही कळायला मार्ग नव्हता. हाका माराव्यात तर उठेल, आणि उठू नये. न माराव्यात तर कूस बदलताना तो पाय कधीही खाली येईल. अशा वेळी काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

"तुम्ही हितंच थांबा," मी म्हणाले. "जागा व्हायला लागला तर वरडा, पाय खाली टाकू नको म्हणा. हिंदीत म्हणा. मी मेन बंद करते."

मी जिना उतरले. मीटर जिन्याखालच्या खोलीत, आणि त्या खोलीला कुलूप. किल्ली आप्पांकडं. आप्पा सकाळीच तळेगाव ढमढेरेला लग्नाला गेलेले. फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मांडवात बँडच्या आवाजात त्यांना काय ऐकू जाणार.

शेजारच्या गाळ्यात अलकाताईंची खाणावळ होती. या खोल्यांमधली निम्मी पोरं तिथं जेवायची. दुपारची गर्दी सरली होती, ताई मोठ्या पातेल्याला राख लावत बसल्या होत्या. मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. भिंतीत करंट, विनोद झोपलाय, खोलीला कुलूप, एवढं निघालं असावं तोंडातून.

"वायरमनला फोन लावते," ताई म्हणाल्या.

"तो येईस्तोवर काय खरं न्हाई, ताई."

"मग कुलूप तोडा की."

"आप्पांचं कुलूप?"

हे विचारताना मला माझीच लाज वाटली, पण विचारलं खरं. आम्ही बाहेरून कामाला आलेली माणसं. गावातल्या वजनदार माणसाचं कुलूप दुपारच्या वेळी, तो घरी नसताना, रंगारणीनं तोडायचं. विनोदला काही झालेलंच नसलं तर? टेस्टर चुकला असला तर? लोक काय काय म्हणतील ते सगळं त्या एका क्षणात माझ्या डोक्यातून गेलं.

अलकाताई पातेलं सोडून उठल्या. त्या आत गेल्या आणि वरवंटा घेऊन आल्या. "धरा," म्हणाल्या. "आन् ईचारलं तर माझं नाव सांगा. माझ्या खाणावळीतलं पोरगं हाय ते."

मी वरवंटा घेतला. कुलूप चांगलं जाडजूड होतं, ते काही दाद देईना. प्रत्येक ठोक्याला मला वाटत होतं, हा आवाज वर जातोय, आता तो उठणार. मनातल्या मनात प्रार्थना म्हणत होते, पण ती पहिल्याच ओळीवर अडत होती आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. मग ताई म्हणाल्या, "कुलूप सोडा, कडीवर मारा." कडी जुन्या लाकडाला ठोकलेली होती. ती हलली, वाकली आणि खिळ्यांसकट निघून आली.

आत अंधार, कोळिष्टकं आणि ओळीनं मीटर. कुठला कुणाचा, काही लिहिलेलं नाही. मी एका टोकाकडून सुरुवात केली आणि चपलेच्या तळव्यानं ढकलत सगळे स्विच खाली पाडले. सगळी बिल्डिंग एकदम गप्प झाली. खाणावळीतला फ्रिज गप्प झाला, कुणाच्या तरी खोलीतला टीव्ही गप्प झाला.

"ताई, हितनं हलू नका. कुणाला चालू करू देऊ नका."

"कोण येतंय बघते," त्या म्हणाल्या आणि वरवंटा माझ्या हातातून घेऊन दारात उभ्या राहिल्या.

मी एकेक पायरी करत जिना चढायला लागले. मघाशी उतरताना कशी धावले होते कुणास ठाऊक. आता वर जाऊन काय बघायला मिळणार याची इतकी भीती वाटत होती की मी मध्येच कठड्याला धरून उभी राहिले. एवढे ठोके झाले, तरी तो उठला नाही. कापूस कानात असला म्हणून काय झालं, माणूस इतका गाढ झोपतो का? वरून यांचा काही आवाज येत नव्हता. हाक मारावी तर उत्तर काय येईल.

तेवढ्यात वर कडी काढल्याचा आवाज झाला.

"लाइट किसने बंद की, यार?"

विनोद बनियनवर दारात उभा होता, घामानं भिजलेला, एका कानातून कापसाचा बोळा लोंबत होता. आवाजानं तो उठला नव्हता. पंखा थांबला, उकडलं, म्हणून उठला. हे भिंतीला टेकून खाली बसले होते आणि त्याच्याकडं बघून रडत होते. मी यांना त्याआधी रडताना फक्त सासूबाई गेल्या तेव्हा बघितलं होतं.

विनोद घाबरला. "क्या हुआ भैया? भाभी, क्या हुआ?"

मी त्याला सगळं सांगितलं. तोडक्यामोडक्या हिंदीत, कॉटकडं बोट दाखवत. तो ऐकत होता आणि स्वतःच्या तळहाताकडं बघत होता.

"कितने दिन से हाथ झनझनाता है," तो म्हणाला. "खटिया पकड़ो तो ज्यादा. हमको लगा मशीन का है. प्रेस पे सबका हाथ झनझनाता है."

तो तिथंच पायरीवर बसला. जरा वेळानं त्यानं खिशातून फोन काढला आणि घरी लावला. पलीकडून बाईचा आवाज ऐकू येत होता, त्याची आई असणार. या वेळेला जागा कसा, असं विचारत असावी.

"कुछ नहीं, माई," तो म्हणाला. "लाइट चला गया था."

आप्पा दिवस मावळायच्या आत आले. अलकाताईंचा फोन शेवटी त्यांना लागला होता. गाडीतून उतरले ते थेट मीटरच्या खोलीकडं, आणि मोडलेली कडी बघून त्यांचा चेहरा ताठ झाला.

"कुणाला इचारून तोडलं?"

"मी तोडलं, आप्पा," मी म्हणाले.

"अगं बाई, मालक म्हणून मी हाय का न्हाई? थोडा दम धरायचा."

"दम धरण्यासारखं नव्हतं."

ते आणखी काही बोलणार होते, पण वायरमन वरून उतरला. त्यानं पार्टिशनचा बोर्ड कापून बघितला होता. मुलाचा टीव्ही काढल्यावर मोकळ्या राहिलेल्या भोकांमध्ये कुणीतरी आरशासाठी लांब स्क्रू मारले होते. त्यातला एक विनोदच्या खोलीकडं जाणाऱ्या तारेत गेला होता. कोरड्या भिंतीत ते कुणाला कळत नव्हतं, फक्त कॉट जिथं घासून स्क्रूला टेकली होती तिथं थोडा थोडा करंट कॉटमध्ये उतरत होता. ओलं केल्यावर मात्र ते जिवावर बेतलं असतं.

"आरसा मीच लावून घ्येतला," आप्पा म्हणाले. "भाडेकरूला बरं पडंल म्हणून." ते वर गेले, विनोदच्या दारात उभे राहिले, आत मात्र गेले नाहीत. खाली येऊन मला म्हणाले, "कडीचं काय ते मी बघतो. तुमच्या मालकाला दवाखान्यात न्या आधी. माझी गाडी घ्या."

डॉक्टरांनी यांची छाती तपासली, ठीक आहे म्हणाले. पण यांची बोटं पुष्कळ दिवस मधूनच हलायची, चहाचा कप धरला की जास्त. त्या भिंतीला यांनी पुन्हा हात लावला नाही. मी आग्रह केला नाही. पत्र्याच्या सांगाड्याला अर्थिंग झालं, नव्या तारा नळीतून गेल्या, आणि झटका बसला की आपोआप बंद होणारा स्विच सगळ्या बिल्डिंगला लागला. मग मी एकटीनं ती भिंत पुरी केली. जिथं बोर्डाचा कागद फाटून तपकिरी पोट उघडं पडलं होतं, तिथं आधी तेलाचा प्रायमर मारला, कारण तसंच पुट्टीचं पाणी लागलं तर ते फुगून येतं. सांध्यांना जाळीची टेप लावली. पुट्टीचा एक हात, वाळवण, दुसरा हात. प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी टेस्टर. एकदा लावून भागायचं नाही. पुन्हा लावायचे, मग टेस्टरच बिघडलाय का ते बघायला चालू स्विचबोर्डात घालून बघायचे, आणि पुन्हा भिंतीला.

ती सवय आता गेलेली नाही. गिऱ्हाइकं हसतात. मेन कुठं आहे, किल्ली कुणाकडं, पलीकडं कोण राहतं, तो झोपतो कधी, हे मी कामाला हो म्हणण्याआधी विचारते. एका बाईंनी तर मला विचारलं की तुम्ही रंगवायला आलात की तपासणीला. मी टेस्टर काढते. ज्या भिंती मी त्याआधी ओल्या केल्या, शिरूरच्या, दौंडच्या, भांडगावच्या, त्या मला कधीकधी एकेक करून आठवतात, आणि पलीकडं कोण होतं ते आठवत नाही.

शेवटी राहिलं होतं घासणं. पुट्टी वाळली की पॉलिश पेपरनं सगळी भिंत घासायची असते, आणि त्याचा आवाज दुसऱ्या बाजूला ढोलावर हात फिरवल्यासारखा जातो. मी पेपर ठोकळ्याला गुंडाळून तयार होते. विनोद पाळीवरून आला. आमच्या खोलीत डोकावला. मी म्हटलं, बघ हवं तर हात लावून. त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग तळहात भिंतीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

"कुछ नहीं है," तो म्हणाला.

"काही नाही. झोप आता."

तो गेला. पलीकडून कॉट ओढल्याचा आवाज आला, भिंतीपासून दूर, खोलीच्या मध्यावर. मग पंख्याचा. हे बाहेर पायरीवर बसले होते, मी ठोकळा खाली ठेवून त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"घासायचं न्हाई का?" त्यांनी विचारलं.

"झोपू दे त्याला."

 माझे कान त्या दाराशीच होते. पंखा तेवढा ऐकू येत होता, बाकी काही नाही, आणि मी पायरीवरून अर्धी उठले. हेही उठायला लागले. मग आतून घोरण्याचा आवाज यायला लागला, आधी बारीक, मग चांगला मोठा.

यांनी डबा उघडला आणि आम्ही जेवायला बसलो.